वाट पाहायला लावणारा दिग्दर्शक

मारधाडीच्या चित्रपटाला दहा मिनिटं उशिरा पोचलं तरी काही बिघडत नाही, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत होती. आधी दुकानांच्या जाहिरातींच्या स्लाइड्स, मग फिल्म्स डिव्हिजनचा धरणावरचा किंवा पूरग्रस्तांवरचा माहितीपट, मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणि त्यानंतर लांबलचक श्रेयनामावली. एवढं होईपर्यंत खारे दाणे घ्यायला आणि डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात लोकांच्या पायांवर पाय देत आपली खुर्ची शोधायला भरपूर वेळ असे. खरी हाणामारी काय, नंतरच सुरू होणार!

या समजुतीला सुरुंग लावणारा माणूस रोमचा. नाव सर्जिओ लिओने. त्याच्या चित्रपटाची पहिली दहा मिनिटं ज्याची हुकली त्याला कथा कळेल, कोण कोणाला मारतो तेही कळेल. पण त्याने तो चित्रपट पाहिला असं मी म्हणणार नाही. कारण तो कसा पाहायचा, हे लिओने त्या दहा मिनिटांतच शिकवतो. इथे घाई चालणार नाही, इथे नायकाकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवू नका, इथे कानही डोळ्यांइतकेच उघडे ठेवा, असं तो सांगतो, आणि सांगण्यासाठी एक वाक्यही खर्च करत नाही.

३ जानेवारी १९२९ हा त्याचा जन्मदिवस. घर सिनेमावाल्यांचं. वडील विन्चेन्झो लिओने हे मूकपटांचे दिग्दर्शक. पडद्यावर ते रॉबर्तो रॉबर्ती हे नाव लावत. आई मूकपटांतली नटी. १९१३ साली वडिलांनी आईला घेऊन चक्क एक काउबॉयपट काढला होता. इटलीतल्या अशा अगदी पहिल्या-वहिल्या चित्रपटांपैकी तो एक. पुढे मुसोलिनीच्या राजवटीशी वडिलांचं जमलं नाही आणि कामं मिळेनाशी झाली. म्हणजे सर्जिओ कळता झाला तेव्हा घरात दिग्दर्शक होता, पण त्याच्या हाताला काम नव्हतं. एकुलत्या एका मुलाने हे रोज पाहिलं. मला वाटतं, वाट पाहण्याचे पहिले धडे त्याला घरातच मिळाले.

बाहेर मात्र चैन होती. रोमच्या टेकडीवरच्या बाहुल्यांच्या खेळांपुढे ही पोरं खिळून बसत. लाकडी चेहरे, त्यांवर रंगवलेला एकच भाव, आणि तरी सगळं कळतं. शिवाय अमेरिकन सिनेमा होताच. महायुद्धाच्या तोंडावर तो इटलीतून जवळजवळ नाहीसा झाला आणि १९४४ साली अमेरिकन फौजांबरोबर परत आला. पण त्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. पडद्यावरचा उमदा, न्यायी अमेरिकन ज्याने मनात जपला होता त्या पंधरा वर्षांच्या मुलाला आता रस्त्यावरचे अमेरिकन दिसले. सिगारेटी विकणारे, बायकांच्या मागे लागणारे, चांगलेही आणि वाईटही, तुमच्या-आमच्यासारखे. लिओनेने हा भ्रमनिरास पुढे अनेकदा बोलून दाखवला. त्याचे सगळे काउबॉयपट या दोन अमेरिकनांच्या मधल्या जागेत उभे आहेत.

वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून तो स्टुडिओत राबायला लागला. १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये तो क्षणभर दिसतो सुद्धा. पावसापासून आडोसा शोधणाऱ्या धर्मशिक्षणार्थी तरुणांच्या घोळक्यातला तो एक. त्यानंतरची दहाबारा वर्षं सहायकाची. हॉलिवूडच्या मंडळींना तेव्हा रोममध्ये चित्रीकरण स्वस्त पडे. ‘क्वो वादिस’, ‘बेन हर’ अशा अवाढव्य चित्रपटांच्या सहायकांच्या फळीत लिओने होता. हजारो माणसं, घोडे, रथ. या कामात दिवसाचे बारा तास तयारीत जातात आणि बारा सेकंद चित्रीकरणात, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला तयारीतलंच नाट्य दिसू लागलं असेल तर नवल नाही. १९५९ साली ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’चे दिग्दर्शक मारियो बोनार आजारी पडले आणि चित्रपट लिओनेने पुरा केला; श्रेय बोनारांचं. स्वतःच्या नावावर पहिला चित्रपट लागला तो १९६१ साली, ‘द कॉलोसस ऑफ ऱ्होड्स’. तो बरा आहे. त्याहून जास्त काही म्हणवत नाही.

मग रोममध्ये कुरोसावाचा ‘योजिम्बो’ आला. दोन टोळ्यांनी पोखरलेल्या गावात एक बेकार सामुराई येतो आणि दोघांनाही खेळवतो. या चित्रपटाच्या आरंभी सामुराई गावात शिरतो तेव्हा समोरून एक कुत्रं दुडक्या चालीने येतं; त्याच्या तोंडात माणसाचा तुटलेला पंजा असतो. बस्स. गाव कसं आहे, चित्रपट किती क्रूर आहे आणि त्या क्रौर्याकडे हसून पाहायचं आहे, या तीन गोष्टी एका कुत्र्याने सांगितल्या.

लिओनेने ही कथा अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवर नेली, चित्रीकरण बरंचसं स्पेनमध्ये केलं, आणि १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. पैसा जेमतेम होता. नायक म्हणून अमेरिकन टीव्हीवरचा एक तरुण नट पंधरा हजार डॉलर्सवर आणला. त्याचं नाव क्लिंट ईस्टवुड. फिल्मसुद्धा काटकसरीची. टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीत एका चौकटीला चारऐवजी दोनच छिद्रांची फिल्म लागते, म्हणजे कच्च्या मालाचा खर्च निम्मा आणि पडदा मात्र रुंद. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढल्यामुळे असला तपशील मला चित्रपटाच्या कथेइतकाच आवडतो. आणि गंमत अशी की याच पद्धतीत साध्या भिंगांनी माणसाच्या फार जवळ जाता येई. लिओनेच्या चित्रपटांत डोळे, भुवया, घामाचे थेंब अख्खा पडदा व्यापून बसतात ना, त्याच्या मुळाशी असा खर्च वाचवण्याचा हिशेब आहे.

संगीतासाठी एनिओ मोरिकोनेची भेट ठरली आणि दोघांना उमगलं की आपण प्राथमिक शाळेत एका वर्गात होतो. वर्गाचा जुना फोटोही निघाला. मोरिकोनेने वाद्यवृंदाऐवजी शीळ, चाबकाचा फटकारा, गिटार असे आवाज वापरले. श्रेयनामावलीत माणसं नाहीत, लाल-काळ्या-पांढऱ्या रंगांत धावणाऱ्या सावल्या आहेत आणि गोळ्यांचे आवाज. तोवरच्या काउबॉयपटांत कुरणं, आकाश आणि गंभीर गाणं असे. इथे पहिल्या मिनिटालाच प्रेक्षकाला कळतं की हे काहीतरी वेगळं, थोडं वात्रट आणि बरंचसं निर्दय प्रकरण आहे.

मग खेचरावर बसून तो अनोळखी माणूस येतो. विहिरीवर थांबतो, पाणी पितो. समोर एक लहान मुलगा खिडकीतून एका घरात शिरू पाहतो. दांडगट माणूस त्याला हुसकून बाहेर काढतो, त्याच्या पायांजवळ गोळ्या झाडतो. बापालाही मारहाण होते. खिडकीत एक बाई दिसते. आता हॉलिवूडचा कुठलाही नायक असता तर त्याने खेचरावरून उडी मारली असती. हा नुसता पाहतो. पाणी पिऊन पुढे निघतो आणि गावाच्या वेशीवर टांगलेल्या फासाखालून आत जातो. हा माणूस चांगला की वाईट? प्रेक्षकाला ते कळू द्यायचं नाही, हेच तर लिओनेला हवं होतं. प्रेक्षक त्या मुलासाठी अस्वस्थ होतो आणि नायकावर किंचित चिडतो. त्या चिडीच्या दोरीवर पुढचा सगळा चित्रपट लोंबकळतो.

या चित्रपटावर दिग्दर्शकाचं नाव होतं बॉब रॉबर्टसन. अमेरिकन वाटावं म्हणून घेतलेलं. पण रॉबर्टसन म्हणजे रॉबर्टचा मुलगा. वडील १९५९ सालीच गेले होते. ज्यांचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं होतं त्या रॉबर्तो रॉबर्तींना मुलाने असं गुपचूप, खोट्या नावाच्या आडून श्रेयनामावलीत परत आणलं.

कुरोसावाच्या मंडळींची रीतसर परवानगी घेतलेली नव्हती. त्यांनी दावा केला. लिओनेच्या बाजूने गोल्डोनीचं जुनं इटालियन नाटक, डॅशिएल हॅमेटची कादंबरी अशी वंशावळ मांडली गेली, तिच्यात तथ्यही आहे. पण दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर मी तरी निकाल कुरोसावाच्या बाजूने दिला असता. तडजोड झाली. जगभरच्या उत्पन्नातला पंधरा टक्के वाटा आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियाचे हक्क कुरोसावाकडे गेले. या भानगडीत अमेरिकेत चित्रपट लागायला १९६७ साल उजाडलं.

तोवर लिओनेने आणखी दोन चित्रपट पुरे केले होते, आणि आरंभाची त्याची भूक वाढत चालली होती. १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये ओसाड माळावर मुंगीएवढा एक घोडेस्वार दिसतो. पडद्याबाहेर कोणीतरी निवांत शीळ घालतंय, काडी ओढतंय, बंदूक भरतंय. गोळी सुटते, मुंगी पडते, घोडा उधळतो. मारणारा कोण ते दिसत नाही; आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतोय, हे लक्षात येऊन जरा दचकायला होतं. त्यानंतर आगगाडीच्या डब्यात बायबल वाचणारा एक गंभीर गृहस्थ. सहप्रवासी त्याला पाद्री समजतो. हा पाद्री सरळ साखळी ओढून, जिथे गाडी थांबत नाही त्या स्टेशनावर उतरतो. तो इनामासाठी माणसं मारणारा आहे.

१९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये तर पहिली दहा मिनिटं संवादच नाही. रिकामा माळ दिसतो आणि दुसऱ्या क्षणी, इशारा न देता, एक रापलेला, भेगाळलेला चेहरा पडदा भरून टाकतो. हा माणूस आतापर्यंत कुठे होता? चौकटीबाहेर. लिओनेच्या जगात चौकटीबाहेरचं जणू अस्तित्वातच नसतं. ते आत आलं की धक्का बसतो. तीन मारेकरी दोन बाजूंनी येतात, वाटतं आता एकमेकांना मारणार. ते मिळून एका घरात घुसतात. गोळ्या वाजतात. आणि खिडकीची काच फोडून एक चौथाच माणूस बाहेर उडी मारतो. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेली मांसाची तंगडी! भीतीने ताणलेला प्रेक्षक खो खो हसतो. भीती आणि हसू यांचं हे प्रमाण पुढचे जवळजवळ तीन तास मोडत नाही.

आरंभाला हात लावला तर काय होतं, याचा पुरावा अमेरिकन टीव्हीने दिला. १९७०च्या दशकात ‘फिस्टफुल’ टीव्हीवर दाखवायचा ठरला तेव्हा वाहिनीला नायकाची नीतिमत्ता टोचली. पैशांसाठी दोन्ही बाजूंची माणसं मारणारा नायक घराघरांत कसा दाखवायचा? म्हणून माँटी हेलमन या दिग्दर्शकाकडून चार-पाच मिनिटांचा नवा आरंभ करून घेतला. त्यात ईस्टवुड नाही, पाठमोरा तोतया आहे. एक अधिकारी कैदेतल्या नायकाला गाव साफ करण्याच्या बदल्यात माफी देऊ करतो. पुढचा चित्रपट तोच राहिला. पण आता विहिरीवर पाणी पिणारा तो माणूस कोडं उरला नाही. सरकारी कामावर निघालेला माणूस झाला. फासाखालून जाणं, मुलाकडे नुसतं पाहणं, सगळ्याचा अर्थ गेला. मी ती आवृत्ती पाहिली तेव्हा चांगल्या कादंबरीच्या पहिल्या पानावर कोणी शिफारसपत्र डकवावं तसं वाटलं.

लिओनेचा खरा पराक्रम मात्र १९६८ चा, ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. कथा त्याने बर्नार्डो बर्टोलुची आणि दारिओ अर्जेन्तो या दोन तरुणांबरोबर बसून रचली. तिघांनी मिळून जुने काउबॉयपट अक्षरशः चघळले. त्यांतला एक ‘हाय नून’. त्यात तीन गुंड दुपारच्या गाडीची वाट पाहतात. लिओनेने ती वाट पाहणंच उचललं आणि दहा मिनिटांहून जास्त ताणलं.

लाकडी फळ्यांचं ओसाड स्टेशन. लांब, धुळकट कोट घातलेले तिघे. स्टेशनमास्तरला त्यांनी कोंडून घातलंय. आता गाडी येईपर्यंत काम नाही. पवनचक्की करकरत राहते. एकाच्या टोपीवर वरून थेंब थेंब पाणी गळतंय. तो हलत नाही, टोपीच्या कडेत पाणी साठू देतो. दुसरा बोटं कडाकडा मोडतो. तिसऱ्याच्या दाढीवर माशी बसते. फुंकर मारून, ओठ वाकडे करून तो तिला उडवू पाहतो, हात मात्र उचलत नाही. शेवटी ती माशी तो पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि तिची भुणभुण कानाशी धरून ऐकत बसतो. अधूनमधून पडद्यावर कलावंतांची नावं येत राहतात, अगदी सावकाश. गाडी येते. कोणी उतरत नाही. तिघे वळतात. गाडी निघते, आणि पलीकडून माउथ ऑर्गनचा एक कण्हल्यासारखा सूर ऐकू येतो. गोळीबार म्हणाल तर काही सेकंदांचा.

या प्रसंगाला संगीत नाही. मोरिकोने सांगत असे की फ्लॉरेन्सच्या एका मैफलीत त्याने एका माणसाला साध्या शिडीतून आवाज काढताना ऐकलं होतं. तेच त्याने लिओनेला सांगितलं आणि ठरलं की करकर, टपटप, भुणभुण हेच संगीत. ज्याची कीर्ती सुरावटींवर उभी, त्या संगीतकाराने आपल्याच सुरांशिवाय प्रसंग उभा राहू दिला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

त्या तिघांतला बोटं मोडणारा नट अल मुलॉक. आधीच्या चित्रपटात आरंभी पडदाभर उगवलेला तो रापलेला चेहराही त्याचाच. चित्रीकरण चालू असताना स्पेनमधल्या ग्वादीश गावी त्याने हॉटेलच्या खिडकीतून उडी टाकून जीव दिला. हे कळल्यापासून मला तो प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही. पडद्यावरची ती तीन माणसं मरणाची वाट पाहत बसलेली आहेत, हे आधी मी कथेपुरतंच मानत होतो.

आपल्याकडे या चित्रपटाची सावली पडली ती ‘शोले’वर. १९७५ साली मी शाळेत होतो. चित्रपट आमच्या तालुक्याच्या गावी आला तो बऱ्याच उशिरा, फिल्मवर पावसाच्या रेघा घेऊनच. रिकामं स्टेशन, गाडी येते, एक अधिकारी उतरतो, रामलाल त्याला घोडा देतो आणि दोघे खडकाळ मुलुखातून दौडत निघतात. श्रेयनामावली तेवढा वेळ पुरते. पोलिसी वेशातला माणूस, घोडा, आणि मागे राहुलदेव बर्मनची गिटार. आपण हिंदी सिनेमात आहोत, पण हा मुलूख ओळखीचा नाही, हे तेव्हा शाळकरी पोरालाही जाणवलं होतं. नंतरच्या आगगाडीवरच्या लुटीचं चित्रीकरण पनवेलजवळ, मुंबई-पुणे मार्गावर झालं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पुढे नोकरीत लागल्यावर, पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळात लिओनेचा चित्रपट पाहिला. शेतावरच्या कुटुंबाची हत्या सुरू झाली आणि डोळ्यांपुढे ठाकूरच्या वाड्यातला रिकामा, करकरणारा झोका उभा राहिला. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी लिओनेची गोष्ट फारशी घेतली नाही. त्याचा कान घेतला.

१९७१ चा पुढचा चित्रपट मला विस्कळीत वाटतो. त्यानंतर तेरा वर्षं लिओनेने दिग्दर्शक म्हणून चित्रपट दिला नाही. तो न्यूयॉर्कच्या ज्यू गुंडांवरच्या एका चित्रपटाच्या मागे होता. ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ साली कान महोत्सवात दाखवला गेला, लांबी २२९ मिनिटं. आरंभी अफूच्या अड्ड्यात पडलेला एक माणूस, शेजारच्या नाट्यगृहात चाललेला छायाबाहुल्यांचा खेळ, आणि कुठेतरी वाजणारी टेलिफोनची घंटा. ती वाजतच राहते. दृश्यं बदलतात, पावसात रस्त्यावर प्रेतं दिसतात, घंटा थांबत नाही. कोणीतरी एक फोन उचलतं, तरी थांबत नाही. विसाहून अधिक वेळा ती वाजते, आणि शेवटी आपल्याला कळतं की ही घंटा त्या माणसाच्या डोक्यात आहे. मित्रांचा घात करणारा फोन त्यानेच केला होता.

अमेरिकन वितरकांना हा आरंभ झेपला नाही. त्यांनी चित्रपट १३९ मिनिटांवर आणला आणि कालक्रमाने लावला. आधी बालपण, मग तारुण्य, मग म्हातारपण. घटना त्याच. पण पश्चात्तापाने सुरू होणारी गोष्ट आता गुंडांच्या जमाखर्चाची वही झाली. तिकडे तो पडला, लिओने मनातून खचला. त्यानंतर त्याने एकही चित्रपट पुरा केला नाही.

शेवटची वर्षं तो लेनिनग्राडच्या वेढ्यावरच्या चित्रपटाचा ध्यास घेऊन होता. रशियन सहकार्य आणि पैसा यांची जुळवाजुळव चालली होती. पटकथा लिहून झालेली नव्हती. पण आरंभ तयार होता आणि तो भेटेल त्याला तो सांगत असे. पियानोवर शोस्ताकोविचचे हात. सातव्या सिंफनीचे सूर तो चाचपडत शोधतोय. कॅमेरा हळूच खिडकीतून बाहेर निघतो. पहाटेचं शहर. रस्ता, ट्राम, खांद्याला बंदुका लावून निघालेले साधे नागरिक. एकेक वाद्य येऊन मिळतंय. शहराची वेस, खंदक, खंदकांपलीकडे मोकळं मैदान, आणि मैदानात रांगेने उभे जर्मन रणगाडे. इथवर कुठेही काटछाट नाही, सगळं एका सलग चित्रणात. मग रणगाड्यांच्या तोफा धडाडतात. ३० एप्रिल १९८९ रोजी रोममध्ये हृदयविकाराने लिओने गेला, वयाच्या साठाव्या वर्षी. त्या चित्रपटाचा तेवढाच भाग लोकांच्या सांगण्यात शिल्लक आहे.